सुई मधोमध आहे, पण ती खरं बोलतेय का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘काय आहे ना’ थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच.

सुरुवात मुंबईतून करू. २४ सप्टेंबर १९७२, सकाळची वेळ. जपान एअर लाइन्सचं एक डीसी-८ सांताक्रूझ विमानतळावर उतरायला येत होतं. चार इंजिनांचं मोठं जेट. समोर धावपट्टी दिसली आणि वैमानिकांनी विमान टेकवलं. फक्त ती धावपट्टी सांताक्रूझची नव्हती. जुहूची होती!

आता जुहूची धावपट्टी केवढी? सव्वा किलोमीटरही नाही. आज तिथे प्रामुख्याने हेलिकॉप्टरं उडतात. एवढ्याशा पट्टीवर ते जेट थांबणार कसं? पट्टी संपली तरी ते पुढे गेलं आणि मोडलं. काही जण जखमी झाले, पण नशीब बघा, कुणी दगावलं नाही. ते विमान मात्र पुन्हा उडालं नाही. आणि हे पहिल्यांदा घडलं होतं असंही नाही. १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचं एक कॉमेट जेट असंच सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं होतं. ते कसंबसं थांबलं आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून बाहेर काढलं.

नकाशा उघडून बघा, म्हणजे हे का घडलं ते लगेच कळेल. सांताक्रूझच्या मुख्य पट्टीचा क्रमांक ०९-२७, जुहूचा ०८-२६. हे आकडे दिशेचे असतात. ०९ म्हणजे होकायंत्रावर साधारण ९० अंश, ०८ म्हणजे साधारण ८०. दोन पट्ट्या जवळजवळ एकाच दिशेला तोंड करून, आणि मध्ये मोजके किलोमीटर. समुद्राकडून येणाऱ्याला आधी जुहू दिसतं.

म्हणजे डोळ्यांना धावपट्टी दिसणं पुरेसं नाही. ती आपलीच आहे का आणि आपण तिच्याकडे बरोबर उंचीवरून येतोय का, हेही कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी विमानतळावर बरीच यंत्रं उभी असतात. पण आज मला खरं बोलायचंय ते त्याच्या पुढच्या प्रश्नावर: ते यंत्रच चुकलं तर?

आधी यंत्र समजून घेऊ. नाव आयएलएस, म्हणजे इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम. गाडीतला एफएम आठवा. आकडा ८८ पासून १०८ पर्यंत जातो आणि थांबतो. का थांबतो? कारण त्याला लागूनच विमानांचा पट्टा सुरू होतो. १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या मध्ये विमानतळाचं एक ‘स्टेशन’ असतं, त्याचं नाव लोकलायझर. त्यावर गाणी नसतात. दोन कंटाळवाणे सूर असतात, एक ९० हर्ट्झचा आणि एक १५० हर्ट्झचा. सोसायटीतल्या ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकली असेल, ती १०० हर्ट्झच्या आसपासची. पहिला सूर तिच्यापेक्षा जरा खालचा, दुसरा बऱ्यापैकी वरचा.

हे दोन सूर का, ते गणपतीत कळतं. एका रस्त्याच्या डाव्या बाजूला एका मंडळाचा स्पीकर, उजव्या बाजूला दुसऱ्या मंडळाचा. दोघांची गाणी वेगळी. डोळे मिटून त्या रस्त्याने चाललात आणि डावीकडचं गाणं जोरात यायला लागलं, तर तुम्ही डावीकडे सरकलाय. दोन्ही अगदी सारख्या जोराने डोक्यात जात असतील, तर तुम्ही बरोबर मधोमध आहात. लोकलायझर हेच करतो. उतरायला येणाऱ्या विमानाच्या डाव्या अंगाला ९० चा सूर भारी, उजव्या अंगाला १५० चा. कॉकपिटमधलं यंत्र या दोघांमधला फरक मोजतं आणि त्या फरकाप्रमाणे सुई डावी-उजवीकडे हलवतं. फरक शून्य, की सुई मधोमध.

हा शून्य लक्षात ठेवा. पुढे तो फार महत्त्वाचा आहे.

लोकलायझरचे अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाबाहेर आडवे, रांगेत उभे असतात. मी खिडकीची सीट मिळाली की ते शोधतो. टॅक्सी करताना पट्टीच्या टोकाजवळ एक लांबलचक कुंपणासारखं काहीतरी दिसतं, तेच ते. मुद्दाम हलकं आणि ठिसूळ बनवलेलं असतं, म्हणजे एखादं विमान धडकलंच तर अँटेना मोडावा, विमान नाही.

ही झाली डावी-उजवी. वर-खालीसाठी दुसरा अँटेना, ग्लाइड स्लोपचा. तो पट्टीच्या बाजूला, विमान जिथे टेकायला हवं त्याच्या आसपास, एका उंच खांबावर असतो. सूर तेच, ९० आणि १५०, फक्त आता एक वर आणि एक खाली. हे प्रसारण ३३० मेगाहर्ट्झच्या आसपास होतं, पण वैमानिकाला ते वेगळं लावावं लागत नाही. लोकलायझरचा आकडा लावला की ग्लाइड स्लोपची जोडी आपोआप लागते. दोन्ही मिळून आकाशात एक अदृश्य घसरगुंडी तयार होते, बहुतेक ठिकाणी ३ अंशांची.

शिवाय प्रत्येक यंत्राला स्वतःचं नाव असतं आणि ते मोर्स कोडमध्ये सतत सांगितलं जातं. मुंबईच्या व्हीओआर नावाच्या यंत्राचं नाव आहे बीबीबी. बॉम्बे गेलं, पण हे तीन बी अजून हवेत आहेत: डा-डिट-डिट-डिट, असं तीन वेळा. (ऑडिओत मी हे तोंडाने करून दाखवलंय, इथे तुम्ही वाचलात.) हे व्हीओआर म्हणजे विमानाला ‘तू माझ्यापासून कोणत्या दिशेला आहेस’ एवढं सांगणारा खांब. त्याच्या जोडीला बहुतेक वेळा डीएमई असतं, ते अंतर सांगतं. विमान एक हाक मारतं, जमिनीवरचं यंत्र ओ देतं, आणि हाक ते ओ यात किती वेळ गेला त्यावरून अंतर निघतं. घाटात ओरडून प्रतिध्वनी मोजावा तसं, फक्त रेडिओच्या वेगाने.

आता एक छोटं गणित, आणि आजच्या भागात मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. ३ अंशांच्या उतारावर प्रत्येक सागरी मैलामागे उंची साधारण ३१८ फूट कमी होते. वैमानिक डोक्यात ३०० धरतात. म्हणजे पट्टी ५ मैल दूर असेल तर विमान १५०० फुटांच्या जरा वर हवं. १० मैल, तर ३००० च्या वर. याला कॉम्प्युटर लागत नाही. तिसरीतला पाढा पुरतो.

या पाढ्याने किती माणसं वाचली, ते आता सांगतो.

जुलै २०००. एअर न्यूझीलंडचं उड्डाण क्रमांक ६०, ऑकलंडहून सामोआ देशातल्या एपियाकडे. रात्र, खाली पॅसिफिक समुद्र, विमानात १७६ माणसं. बोइंग ७६७ आयएलएसवर आलं आणि ग्लाइड स्लोपची सुई मधोमध बसली. बसली ती बसलीच, हललीच नाही. धोक्याचा झेंडा नाही. ऑटोपायलट इमानदारीने सुईच्या मागे खाली चाललेला.

कॉकपिटमध्ये तीन वैमानिक होते. त्यांना बाहेरचे दिवे विचित्र जागी दिसायला लागले. अंतर आणि उंचीचा मेळ बसेना. त्यांनी इंजिनांना पूर्ण ताकद दिली आणि विमान वर उचललं. याला गो-अराउंड म्हणतात. सगळ्यात खाली आलं तेव्हा विमान ४०० फुटांच्या आत होतं आणि पट्टी अजून साडेपाच मैल दूर होती. करा गणित. साडेपाच मैलांवर सतराशे फूट तरी हवेत. होते चारशेच्या आत. आणि सुई? मधोमध.

असं झालं कसं? विमानतळावर आयएलएसचं काम चालू होतं. ग्लाइड स्लोपचं यंत्र ‘बायपास’ स्थितीत राहून गेलं होतं. प्रसारण बिघडलं तर ते आपोआप बंद पाडणारा एक पहारेकरी या यंत्रात असतो. बायपासमुळे तो पहारेकरीच बाजूला झाला. नियंत्रण कक्षात दिवा लावून बिघाड कळवणारी केबलही तुटलेली होती. आणि जे प्रसारण चालू होतं त्यात वरचा सूर आणि खालचा सूर सगळीकडे सारखाच येत होता. पुन्हा गणपतीकडे या. दोन्ही मंडळांनी अख्ख्या गावात सारख्याच आवाजाचे स्पीकर लावले, तर तुम्ही कुठेही उभे राहा, कान सांगणार की मधोमध आहात. फरक शून्य. सुई खोटं बोलत नव्हती असंही म्हणता येईल. तिला जे मोजायला शिकवलं होतं, ते तिने मोजलं.

मोर्समधलं नावही बरोबर येत होतं बरं का. कारण ते नाव लोकलायझरवरून येतं, आणि लोकलायझर ठणठणीत होता. दुसऱ्या फेरीत त्यांनी ग्लाइड स्लोप सोडून दिला, लोकलायझर आणि डीएमई धरून, पाढा म्हणत विमान सुखरूप उतरवलं. नंतर या घटनेवर प्रशिक्षणासाठी एक फिल्म तयार झाली आणि ती जगभरच्या वैमानिकांना दाखवली गेली.

याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट मात्र सांगायला जड आहे. ६ ऑगस्ट १९९७, कोरियन एअरचं उड्डाण ८०१, सोलहून ग्वाम बेटाकडे. मोठं ७४७, २५४ माणसं, मध्यरात्र उलटून गेलेली, पाऊस. ग्वामचा ग्लाइड स्लोप त्या काळात देखभालीसाठी बंद होता. हे लपवलेलं नव्हतं. वैमानिकांना आधीपासून कळवलेलं होतं, नियंत्रकानेही पुन्हा सांगितलं. लोकलायझर चालू होता. म्हणजे डावी-उजवी कळणार, पण वर-खाली स्वतः सांभाळायचं. अशा वेळी पायऱ्या उतरावं तसं उतरतात: अमुक अंतरापर्यंत अमुक उंचीच्या खाली जायचं नाही, मग पुढची पायरी.

तरीही ग्लाइड स्लोप चालू आहे की नाही याबद्दल कॉकपिटमध्ये गोंधळ झाला. आणि ग्वामची एक गोम होती. बऱ्याच विमानतळांवर डीएमई पट्टीच्या जवळ असतं, म्हणून त्याचा आकडा शून्याकडे आला की पट्टी आली. ग्वामला ते यंत्र निमिट्झ हिल नावाच्या टेकडीवर होतं, पट्टीच्या ३.३ मैल अलीकडे. तिथे शून्य म्हणजे पट्टी नव्हे, टेकडी. विमान ठरलेल्या पायऱ्यांच्या खाली गेलं आणि त्याच टेकडीवर आदळलं. २२८ माणसं गेली.

जमिनीवर एक कॉम्प्युटर होता, जो ‘विमान फार खाली आहे’ असा इशारा नियंत्रकाला देऊ शकला असता. तो उगाच वाजतो म्हणून त्याचा इशारा मर्यादित करून ठेवला होता. अमेरिकेच्या तपास मंडळाने कॅप्टनची अपुरी तयारी, त्याचा थकवा, बाकी दोघांनी वेळेवर न टोकणं आणि हा दाबलेला इशारा, सगळं अहवालात मांडलं.

मला या दोन घटना एकत्र ठेवून बघाव्याशा वाटतात. एकीकडे यंत्र चुकीचं होतं, कुणाला माहीत नव्हतं, आणि सगळे वाचले. दुसरीकडे यंत्र बंद होतं, सगळ्यांना सांगितलेलं होतं, आणि तरी विमान पडलं. एपियात कुणीतरी सुईवरून नजर काढून बाहेर बघितलं आणि आकडे पडताळले. ग्वामच्या कॉकपिटमध्ये तो पडताळा वेळेत झाला नाही. इतका पातळ पडदा असतो.

आता जरा हलकं. शेवटच्या टप्प्यात डोळ्यांच्या मदतीला दिवे येतात, आणि त्यातल्या एकाचं नाव आहे पापी. हो, पापीच. प्रिसिजन अप्रोच पाथ इंडिकेटरची आद्याक्षरं. काम मात्र पुण्याचं. पट्टीच्या बाजूला, बहुतेक वेळा डावीकडे, चार दिवे एका ओळीत. प्रत्येकाचा वरचा झोत पांढरा, खालचा लाल, आणि प्रत्येकाचा कोन किंचित वेगळा. दोन पांढरे, दोन लाल दिसले, तर उंची बरोबर. चारही पांढरे, तर फार वर. चारही लाल, तर विमान फार खाली आहे आणि ताबडतोब काहीतरी करायला हवं. यात सुई नाही, सूर नाहीत. नुसती भिंगं आणि दिवे. म्हणून मला हे साधन फार आवडतं. आयएलएस एक सांगतंय आणि पापी दुसरंच, तर कुठेतरी गडबड आहे हे पडताळायला तो कायम उभा.

पट्टीच्या आधीही दिव्यांची रांग असते, ९०० मीटरपर्यंत लांब. पट्टीची सुरुवात हिरव्या दिव्यांनी, शेवट लाल. रात्री उतरताना खिडकीतून निळे दिवे दिसतात ते टॅक्सीवेच्या कडांचे.

आणि आता तो प्रश्न, जो दर जानेवारीला मेसेजमध्ये येतो: ‘दिल्लीत एवढी भारी यंत्रं आहेत, मग धुक्यात फ्लाइट रद्द का?’

आयएलएसच्या पायऱ्या असतात. पहिली कॅटेगरी: २०० फुटांपर्यंत यंत्रावर या, तिथे पट्टीचे दिवे दिसले तर उतरा, नाही तर परत वर. त्यासाठी पट्टीवर साधारण ५५० मीटरपर्यंत दिसायला हवं. दुसरीत हा निर्णय १०० फुटांवर, दिसणं ३०० मीटर. तिसरीत त्याच्याही खाली, आणि तिच्या वरच्या टप्प्यात, जिथे विमान स्वतःच उतरतं, ५० मीटर दिसलं तरी चालतं. ५० मीटर म्हणजे एका क्रिकेट मैदानाच्या मधून सीमारेषाही दिसणार नाही. दिल्लीत ही तिसरी सोय आहे. पण नुसत्या विमानतळाकडे असून भागत नाही. विमानाकडे तशी यंत्रणा हवी आणि दोन्ही वैमानिकांचं तसं प्रशिक्षण हवं. तिघांपैकी जो सगळ्यात खालच्या पायरीवर, तीच सगळ्यांची पायरी. शिवाय अशा धुक्यात विमानांना अँटेनापासून लांब थांबवावं लागतं, कारण मध्ये आलेल्या धातूवरून सिग्नल वाकतो. म्हणून तासाला उतरणारी विमानं कमी होतात, आणि तुम्ही गेटवर बसून समोसा खाता.

किती मीटर दिसतंय हे माणूस डोळे ताणून सांगत नाही. पट्टीच्या बाजूला यंत्र असतं, एका टोकाकडून प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला किती पोचला ते मोजायचं. भारतात यासाठी बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने बनवलेलं यंत्र बऱ्याच विमानतळांवर आहे. त्याचं नाव ‘दृष्टी’. सरकारी यंत्राला इतकं नेमकं नाव क्वचित मिळतं.

शेवटचा मुद्दा, फोनवाल्यांसाठी. खिशातला फोन जीपीएसवरून गल्लीबोळ दाखवतो, मग विमानाला हे खांब कशाला? कारण साधा जीपीएस कुठे आहे ते बऱ्यापैकी सांगतो, पण किती उंच आहे यात जास्त चुकतो, आणि ते चुकत असताना स्वतःहून लगेच सांगत नाही. ही उणीव भरायला इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ उभारलं. जमिनीवरची केंद्रं जीपीएसची चूक मोजतात आणि ती दुरुस्ती उपग्रहावरून विमानाला पाठवतात. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एक एटीआर राजस्थानातल्या किशनगढला गगनच्या आधाराने उतरलं. छोट्या विमानतळांसाठी ही मोठी गोष्ट आहे. महागडे अँटेना न लावता घसरगुंडी मिळते.

पण उपग्रहाचा सिग्नल फार दुबळा असतो, आणि त्याच्यावर खोटा सिग्नल चढवता येतो. त्याला स्पूफिंग म्हणतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आसपास विमानांना असा अनुभव आला आणि सरकारने संसदेत ते मान्यही केलं. जिथे जुनी, जमिनीवरची यंत्रं चालू होती, तिथे काम अडलं नाही. म्हणून ते खांब इतक्यात काही कुठे जात नाहीत.

आणि त्या खांबांवरही कुणाची तरी नजर असते. प्राधिकरणाकडे याच कामासाठी वेगळी छोटी विमानं आहेत. प्रवासी नाहीत, आत मोजमापाची यंत्रं. ती ठरावीक काळाने विमानतळावर येतात आणि त्याच घसरगुंडीवरून पुन्हा पुन्हा उतरल्यासारखं करतात: एकदा सरळ, एकदा मुद्दाम डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा खालून. सुई काय म्हणते आणि विमान खरोखर कुठे आहे, ते जुळवून बघतात. नाही जुळलं, तर यंत्र दुरुस्त होईपर्यंत बंद, आणि तशी सूचना सगळ्या वैमानिकांना जाते.

पुढच्या भागात: ओल्या धावपट्टीवर टेकलेलं विमान थांबतं कसं. तोवर खिडकीची सीट पकडा.